माठाखालची बाटली

आमच्या भागात बोर्डो म्हटलं की निळी बोटं आठवतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून द्राक्षाच्या वेलींवर फवारायचा, त्या औषधाचं नाव बोर्डो. छाटणी झाली की बोर्डो, डाऊनी रोगाची भीती वाटली की बोर्डो. फवारणी करणारे गडी संध्याकाळी हात धुवायला आले की मोरीतून निळसर पाणी वाहायचं. त्या नावाचं एक शहर फ्रान्समध्ये आहे आणि तिथली लाल वाईन लोक वर्षानुवर्षं अंधारात सांभाळून ठेवतात, हे नव्वदच्या दशकात आमच्या मळ्यावर कुणाच्या गावीही नव्हतं.

आज आहे. आज आमच्या वायनरीत, काचेच्या कपाटात, तिथली एक रिकामी बाटली ठेवलेली आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या येतात, लोक कपाटासमोर उभे राहतात आणि माझा नवरा त्यांना ती बाटली आपण कशी जपली ते रंगवून सांगतो. मी तिथे असले तर बाहेर निघून जाते. रागानं जाते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती बाटली माझी होती.

माझं माहेर पंचवटीतलं. मायक्रोबायॉलॉजी घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन दिंडोरी रोडच्या या मळ्यावर आले. डिग्रीचा इथे कुणाला उपयोग नव्हता. नाकाचा मात्र पहिल्याच आठवड्यात झाला. चुलीवर डाळ शिजत होती, मी अंगणात होते. तिथूनच म्हणाले, "आई, डाळ खाली लागतेय." सासूबाईंनी पळी घालून बघितलं तर खरंच तळाशी धरायला लागली होती. त्या दिवसापासून घरात पायंडाच पडला. दूध नासलंय का, लोणी जुनं झालंय का, पिठाला कुबट वास येतोय का, सिलिंडर गळतोय का, सगळ्याला मला हाक. "सूनबाई, ये गं, वास घे," एवढंच म्हणायच्या. मी मान हलवली की अख्खं पातेलं उकिरड्यावर. माझ्या शब्दावर कधी कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घर सासूबाईंच्या हुकमावर चालायचं, आणि बाग, पॅकहाउस, निर्यातीची द्राक्षं हे सगळं नवरा बघायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत आले, आजही करते. लिहिताना मात्र 'तो' लिहिणार आहे. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

पंचाण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. द्राक्षं उतरायला आली होती, सुरगाण्याकडची माणसं कामाला आली होती, आणि अशा घाईत एका ओळखीच्या निर्यातदारानं एक फ्रेंच माणूस आमच्याकडे आणला. उंच, उन्हानं लाल झालेला, पन्नाशीचा. इथल्या जमिनीत वाईनची द्राक्षं येतील का, हे बघत तो तालुकाभर हिंडत होता. त्याला मराठी येत नव्हतं, आमच्या पुरुषांना त्याचं इंग्रजी झेपत नव्हतं. मग नवऱ्यानं मला स्वयंपाकघरातून बोलावलं. मी डोक्यावरचा पदर सावरत, हाताला कणीक तशीच, पडवीत आले.

पंपाच्या खोलीच्या भिंतीवर निळे ओघळ होते. ते बघून तो माणूस हसला आणि म्हणाला, "हे बोर्डो ना? मी तिथलाच." मी हे मराठीत सांगितलं. मागून दाराच्या आडून सासूबाईंचा आवाज आला, "म्हंजी हे लोक फवाऱ्याचं औषध पित्यात व्हय?" हे मी त्याला सांगितलं नाही.

मग त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्ही सारख्याच, एकाच साली, एकाच बागेतून भरलेल्या. त्यातली एक त्यानं उघडली. आमच्याकडे उंच देठाचे ग्लास कुठले? स्टीलच्या पेल्यांना तो नको म्हणाला. शेवटी पाहुण्यांच्या सरबताचे काचेचे ग्लास निघाले. त्यानं प्रत्येकात बोटभर वाईन ओतली, ग्लास फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, तोंडात खळखळ फिरवला आणि अंगणात थुंकला. त्याला बघायला येऊन बसलेले आसपासचे सगळे बागायतदार एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि हा थुंकतोय. मंडळींनी आपापले ग्लास एका दमात रिकामे केले आणि तोंड वाकडं करून मिशा पुसल्या.

"कसला वास येतो, विचार त्यांना," तो मला म्हणाला.

मी विचारलं. "दारूचा," सगळे म्हणाले.

मग त्यानं एक ग्लास माझ्यापुढे धरला. मी मागे सरकले. तो म्हणाला, "पिऊ नका. पण वास घेतल्याशिवाय मी काय सांगतोय ते तुम्ही यांना कसं समजावणार?" ते खरं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं घाईघाईनं मान हलवली. मी ग्लास नाकाशी नेला.

पहिल्यांदा जांभूळ आलं. पिकून जमिनीवर पडलेलं नाही, अजून झाडावरचं, थोडं तुरट. त्याच्यामागे लाकूड. येईल तसं मी मोठ्यानं सांगत गेले. आणि मग एक असा वास आला की मी ग्लास खाली घेऊन पुन्हा वर नेला. तो मला ओळखीचा होता आणि तो तिथे असायचं काही कारण नव्हतं.

"पेन्सिल," मी म्हणाले. "पेन्सिल तासल्यावर येतो तो वास."

मंडळी हसली. नवराही हसला. फ्रेंच माणूस मात्र खुर्चीतून उठला. आमच्याकडे या वाईनबद्दल हेच म्हणतात, तो म्हणाला, आणि हा वास नेमका पकडायला शिकणाऱ्या मुलांना कितीतरी दिवस लागतात. यांना कुणी शिकवलं? मी म्हणाले, कुणी नाही. तो म्हणाला, तुमचं नाक फार चांगलं आहे, त्याचं काहीतरी करा.

आयुष्यात मला परीक्षेत मार्क मिळाले होते, हळदीकुंकवात साडीचं कौतुक झालं होतं, पोळ्या मऊ होतात असं लोक म्हणाले होते. पण मला काहीतरी येतं, जे इथे बसलेल्या कुणालाच येत नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. मी ते वाक्य भाषांतर करून सांगितलं नाही. लाज वाटली. आता वाटतं, मोठ्यानं सांगायला हवं होतं.

दुसरी बाटली त्यानं आमच्याकडे ठेवायला दिली. ही अजून लहान आहे, तो म्हणाला. दहा-बारा वर्षं हिला वाढू द्या. मग जांभूळ मागे जाईल, पेन्सिल राहील, आणि सुकलेली पानं, तंबाखू, नवं चामडं असे वास येतील. आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. अंधारात ठेवा. हलवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यानं दोनदा सांगितलं: थंड जागा हवीच, पण त्याहून जास्त, एकसारखी जागा हवी. आज गार, उद्या गरम असं झालं की ही मरते.

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. नवऱ्यानं त्यातला 'थंड' तेवढा ऐकला.

बाटली पाहुण्यानं नवऱ्याच्या हातात दिली, कारण घरधनी तो. पण म्हणाला, उघडाल तेव्हा पहिला ग्लास यांना द्या. नवरा त्या दिवशी फार खुशीत होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्याच हातानं उघडू, मग तर झालं?" मी थेंबभरही प्यायले नव्हते. ज्या दिवशी पिईन त्या दिवशी हीच पिईन, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

पाहुणा गेला आणि बाटलीचा प्रश्न आला. मी म्हणाले, मधल्या खोलीत पलंगाखाली ठेवू, तिथे ऊन येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "घरात देव हायेत. बाटली उंबऱ्याच्या आत नाय यायची." नवऱ्याला त्यात अडचण वाटली नाही. "अगं, आपलं कोल्ड स्टोरेज आहे की! त्याच्याहून थंड जागा सगळ्या जिल्ह्यात दाखव मला," तो म्हणाला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत बाटली पॅकहाउसमध्ये घेऊन गेला. आतल्या रॅकवर, निर्यातीच्या पेट्यांच्या मागे, आडवी.

आता ज्यांनी द्राक्षाचा धंदा केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज वर्षभर चालत नाही. जानेवारीच्या शेवटी मशीन सुरू होतं, अडीच-तीन महिने आत हातपाय गोठतील अशी थंडी असते. एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेला की प्लॅन्ट बंद. रिकाम्या खोलीसाठी वीज कोण जाळणार? मग उरलेलं वर्ष तिथे खोके, क्रेट आणि फवारणीचे ड्रम पडलेले असतात. आमच्यात कुणीही 'कोल्ड स्टोरेजला ठेव' म्हणतं, तेव्हा ते नाव ऐकूनच गारवा वाटतो. मे महिन्यात ती नुसती पत्र्याखालची बंद खोली असते, हे डोक्यात येत नाही.

माझ्या आलं. मशीन बंद झालं त्या संध्याकाळी मी विचारलं, "अहो, आता बाटलीचं काय?" तो म्हणाला, "दार लावलेलं असलं की आत गारवा टिकतो." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, ऊन कडक झालं. एका दुपारी सगळे आडवे झालेले असताना मी किल्ली घेऊन गेले. खोक्यांच्या उबट वासानं डोकं भणभणलं. मी बाटलीला हात लावला. ती चांगलीच कोमट होती, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकी.

मी ती पदराखाली घेऊन घरी आले.

आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन माठ असायचे. खाली विटांची चौकट, तिच्यात हातभर वाळू. माठ पाझरायचे, त्यामुळे वाळू बारा महिने ओली आणि गार असायची. तो कोपरा उत्तरेच्या भिंतीला. तिथे ऊन येत नव्हतं, कुणाचा पाय लागत नव्हता, चुलीची झळ पोचत नव्हती. मी बाटली जुन्या लुगड्याच्या फडक्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि मागचा माठ हलवून वाळूत आडवी पुरली. रोज पाणी भरताना वाळूत बोटं घालून बघायचे. मे महिन्यात जशी गार, तशीच श्रावणात, तशीच दिवाळीत. शहाण्यासुरत्या लोकांनी पुढे लाखो रुपये घालून तळघरं बांधली, पण मी सांगते, त्या वर्षी अख्ख्या नाशकात त्या बाटलीला त्याच्याहून चांगली जागा नव्हती.

ते वर्ष माझं फार छान गेलं. मी दिसेल त्याचा वास घ्यायला लागले. तंबाखूच्या दुकानावरून मुद्दाम चालत जायचे. नव्या चपलांच्या खोक्यात नाक घालायचे. आंब्याची सुकलेली पानं चुरगाळून बघायचे. पाहुण्यानं सांगितलेलं सगळं मला आधीच ओळखीचं करून ठेवायचं होतं, म्हणजे बाटली उघडेल तेव्हा एकही वास निसटायला नको. पहिलीतल्या माझ्या मुलीची पेन्सिल तासून द्यायची झाली तर ते काम मी कुणाला देत नसे.

मग पुन्हा आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं नवी घागर भरतात, तिची पूजा होते, आणि त्या निमित्तानं घरचे माठही नवे येतात. दरवर्षी जुनी वाळू काढायचं काम गड्याचं असायचं. मी ठरवलं होतं की आदल्या दिवशी बाटली हळूच काढून घ्यायची. पण सासूबाईंना त्या वर्षी काय वाटलं कोण जाणे, दोन दिवस आधीच, मी बागेत डबे घेऊन गेलेली असताना, त्यांनी स्वतः वाळू उपसली.

मी परत आले तेव्हा बाटली अंगणात उभी होती, फडकं बाजूला पडलं होतं आणि त्या ओट्यावर बसल्या होत्या.

"वरीसभर," त्या म्हणाल्या. "वरीसभर आम्ही दारूच्या डोक्यावरचं पाणी प्यालो. देवाला तेच, पितरांना तेच."

मी सांगायचा प्रयत्न केला की बाटली बंद आहे, सीलबंद आहे, थेंबसुद्धा बाहेर येत नाही. "मला शिकवू नको," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही माठ फोडले, चौकट शेणानं सारवली, गोमूत्र शिंपडलं, आणि चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. नवरा संध्याकाळी आला. त्यानं आईचं ऐकून घेतलं, माझं ऐकलं नाही, आणि बाटली उचलून पुन्हा कोल्ड स्टोरेजला नेऊन ठेवली. "आता तू हिला हात लावायचा नाहीस," म्हणाला. किल्ली त्या दिवसापासून त्याच्या खिशात गेली.

त्यानंतर दर एप्रिलला, मशीन बंद झालं की, मी एकदा म्हणायचे, "अहो, बाटली." दर एप्रिलला तो म्हणायचा, "आहे गं, मस्त गारव्यात आहे." असे कितीतरी एप्रिल गेले. तीन महिने बर्फासारखी थंडी, मग पत्र्याखालची भट्टी, मग पावसाळी दमट हवा, पुन्हा थंडी. मी रात्री अंथरुणावर नाही, अगदी भर दुपारी, भाकरी थापताना तिचा विचार करायचे. एखादं माणूस परगावी आजारी आहे आणि आपल्याला जाऊ देत नाहीत, तसं वाटायचं.

दोन हजार साल उलटलं आणि बघता बघता सगळं बदललं. धरणाच्या बाजूनं वायनऱ्या उभ्या राहिल्या. जे लोक सरबताच्या ग्लासातून एका दमात पिऊन मिशा पुसत होते ते आता ग्लासाचा देठ दोन बोटांत धरायला शिकले. माझा नवराही शिकला. दोन भागीदारांबरोबर त्यानं वायनरी काढायचं ठरवलं. टाक्या आल्या, परदेशी पिपं आली. मी म्हणाले, "लॅबचं काम मला द्या. माझा विषयच तो आहे." तो म्हणाला, "वेडी आहेस का? बागायतदाराची बायको दारूच्या कारखान्यात उभी राहिली तर लोक काय म्हणतील?" मग पुण्याहून एक तरुण वाईनमेकर पगारावर आणला. मुलगा चांगला होता, कमी बोलायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी टाक्यांसमोर सत्यनारायण घातला. हो, टाक्यांसमोर. चौरंग, केळीचे खांब, कलश, आणि मागे स्टीलच्या टाक्यांमध्ये हजारो लिटर वाईन. सासूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि आल्यागेल्याला लेकाचं कौतुक सांगत होत्या. एका बाटलीनं बाटलेला माझा कोपरा मला आठवला. प्रसादाचा शिरा माझ्याकडे होता, तो मी चांगला केला.

त्याच सकाळी नवरा मला म्हणाला होता, "आज ती बोर्डो उघडायची. तुझ्याच हातानं." एवढ्या वर्षांनी त्याला ते आठवत होतं याचंच मला इतकं बरं वाटलं की मी सगळं विसरले. शिऱ्याचं पातेलं उतरवून हात दोनदा साबणानं धुतले, मग साबणाचा वास राहू नये म्हणून नुसत्या पाण्यानं धुतले. अत्तर लावलं नव्हतं, गजराही माळला नव्हता. बायका विचारत होत्या, आज गजरा कसा नाही? त्यांना काय सांगणार.

चार वाजता पाहुणे टेबलाभोवती जमले. भागीदार, बँकेचे साहेब, आजूबाजूचे बागायतदार. बाटली आणली. तिच्याकडे बघताच मला कळलं. लेबलवर बुरशीचे डाग होते, बुचाभोवतीची पन्नी चिकट झाली होती, आणि पूर्वी गळ्यापर्यंत असलेली वाईन आता खांद्याच्या खाली उतरली होती. उन्हाळ्यांनी ती आतून फुगली होती आणि बुचाच्या कडेनं थोडी थोडी बाहेर रडली होती.

मी पुढे झाले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही उघडा ना, फोटो चांगला येईल." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्क्रू घातला, बूच अर्धं तुटून आलं, टाळ्या झाल्या. त्यानं स्वतःला थोडी ओतली, ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि बोलायला लागला.

"बघा, पहिल्यांदा जांभूळ येतं. पिकलेलं नाही, झाडावरचं, तुरट. त्याच्यामागे लाकूड. आणि मग, नीट लक्ष द्या, पेन्सिल. पेन्सिल तासल्यावर येतो ना, तो वास. आणि सुकलेली पानं. तंबाखू. नवं चामडं."

माझे शब्द. पडवीत मी बोललेले, त्या माणसानं मला सांगितलेले, मीच मराठीत आणलेले. तेव्हा हसला होता, पण पाठ करून ठेवले होते. पाहुण्यांनी ग्लासांत नाकं खुपसली. "हो हो, पेन्सिल आहे!" एक भागीदार म्हणाला. "मला तर चामडं लगेच लागलं," बँकेचे साहेब म्हणाले. पुण्याच्या मुलानं ग्लास नाकाशी नेला, तसाच खाली ठेवला आणि टेबलाकडे बघत राहिला.

"मला द्या," मी म्हणाले.

मग नवरा हसला. "द्या, द्या. हिच्यासाठीच तर ठेवली होती!"

मी ग्लास घेतला. रंग विटकरी झाला होता, तो वयानं होतो, त्याचं मला काही नाही. मी वास घेतला. शिजवून शिजवून काळ्या झालेल्या मनुका. व्हिनेगर. आणि त्या सगळ्याखाली मे महिन्यातल्या बंद खोलीतल्या खोक्यांचा वास. जांभूळ नव्हतं. पेन्सिल नव्हती. मी आशेनं पुन्हा एकदा नाक आत घातलं, सावकाश. नव्हती. मग मी प्यायले. आयुष्यातला पहिला घोट. जिभेला झोंबला आणि घशात आंबट, कडू असा चिकटून बसला.

"ही खराब झालीय," मी म्हणाले. "उन्हाळ्यात शिजलीय. यात पेन्सिल नाही."

मी नवऱ्याकडे बघत होते. मला खरंच वाटलं होतं की तो एकदा तरी ग्लास पुन्हा नाकाशी नेईल.

बँकेचे साहेब हसायला लागले. "वहिनी, पहिल्यांदा आम्हालाही असंच वाटलं होतं हो! दोन-तीनदा घेतली की कळायला लागते." मग सगळेच हसले, अगदी प्रेमानं. कुणीतरी म्हणालं, "वहिनींनी शिराच करावा, वाईन राहू द्या." पहिल्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला दिली रं? तिला नाय सोसत." नवऱ्यानं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, उरलेली वाईन स्वतः प्यायला आणि ओठ पुसत म्हणाला, "वा!"

मी पुण्याच्या मुलाकडे बघितलं. त्याला माहीत होतं. त्यानं नजर वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. नवीन नोकरी होती त्याची.

घरी जाताना गाडीत नवरा थोडा घुश्शात होता. "चार लोकांत काय बोलायचं याची पोच नको? आणि तुला काय कळणार गं? तू कधी प्यायलीयेस?"

कधीच नाही. ते खरंच होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बागांमध्ये छाटणी झाली होती आणि फवारा बसलेले तारांचे खांब निळे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होते. आदल्या दिवशीच्या गडबडीत दूध फ्रिजमध्ये ठेवायचं राहून गेलं होतं. नवरा पातेलं घेऊन माझ्यापाशी आला आणि त्यानं ते माझ्या नाकासमोर धरलं.

"अगं, बघ जरा. नासलंय का?"

मी वास घेतला.

"नासलंय," मी म्हणाले.

त्यानं दुसऱ्यांदा न विचारता पातेलं मोरीत ओतून दिलं.